हालिनातला ‘ह’

पुण्याच्या मैत्रिणींचा फोन आला की प्रश्न ठरलेला. "काय गं, आयर्लंडमध्ये काय काय पाहिलंस?" आता यांना कसं सांगू, की दोन हजार वीस आणि एकवीस ही दोन वर्षं मी एक कॅन्टीन पाहिलं! दोन मायक्रोवेव्ह, एक किटली, आणि खिडकीतून दिसणारा शॅननचा विमानतळ, ज्यावर विमानच नाही.

पण फिरायला गेलं की फोटो जमतात, आणि एका जागी अडकलं की किस्से. माझ्याकडे त्या दोन वर्षांचे फोटो पाच-सहाच असतील. किस्से मात्र विचारू नका!

आमची फॅक्टरी हॉस्पिटलच्या मशीनना लागणारे धातूचे बारीक पार्ट बनवते, त्यामुळे लॉकडाऊनमध्येही चालू होती. मी तिथे क्वालिटीची कागदपत्रं बघते. नवरा, प्रशांत, लिमरिकच्या हॉस्पिटलात डॉक्टर. कॅन्टीनचा नियम असा, की एका टेबलावर एकच माणूस आणि मध्ये दोन मीटर अंतर. आमच्या कोपऱ्यात तीन टेबलं. एकावर मी. दुसऱ्यावर पॉरिक, एकसष्ट वर्षांचा टूलमेकर, कॉनेमाराचा, म्हणजे जिथे अजून घरात आयरिश बोलतात तिथला. तिसऱ्यावर हालिना, मोजमाप विभागातली. केसाच्या जाडीएवढी चूकही तिच्या नजरेतून सुटत नाही. मूळची युक्रेनची, खार्किव शहरातली.

दोन मीटरवरून बोलायचं म्हणजे ओरडूनच. त्यामुळे आमच्या तिघांत खासगी असं काही उरलंच नाही!

*

हालिना आली ती लॉकडाऊनच्या महिनाभर आधी. पहिल्या दिवशी मॅनेजर तिला सगळीकडे फिरवून ओळख करून देत होता. "ही हालिना. रशियाची."

"युक्रेनची," हालिना म्हणाली.

"हो हो, तेच ते. सेम थिंग, नाही का?"

पॉरिक मशीनवर वाकलेला होता. मानही वर न करता म्हणाला, "अगदी बरोबर. आणि मी पॉरिक, इंग्लंडचा!"

आमचा मॅनेजर लिमरिकचा, तिथेच जन्मलेला आयरिश माणूस. तो कानापर्यंत लाल झाला. पण माणूस भला. पाचच मिनिटांत चहाचा मग घेऊन हालिनाच्या टेबलाशी आला, सॉरी म्हणाला, आणि पुढची दोन वर्षं फॅक्टरीत कोणी ‘रशियाची’ म्हटलं की सगळ्यात आधी तोच ओरडायचा, "युक्रेन!"

*

मग तिचा बॅज आला. त्यावर छापलेलं, ‘गालिना’. तिचा पासपोर्ट जुना, त्यात इंग्रजी स्पेलिंग ‘जी’ने सुरू होणारं. ऑफिसवाले म्हणाले, पासपोर्टला जुळलं पाहिजे.

हालिनाने आम्हाला समजावलं. रशियन भाषेत ‘ह’ असा उच्चारच नाही. त्यामुळे सरकारी कागदांवर, शाळेत, शहरात ती गालिना. आजीच्या गावात, आजीच्या तोंडी, हालिना. "गालिना ही हजेरीपटावरची मुलगी. मी नाही ती."

दुसऱ्या दिवशी तिने मोजपट्ट्यांवर लेबल लावायच्या छोट्या मशीनमधून एक ‘एच’ काढला आणि बॅजवरच्या ‘जी’वर अगदी सरळ रेषेत चिकटवला. मोजमाप विभागातली ती, चिकटवला तोही मापात!

मग आम्ही आपापले बॅज काढून बघत बसलो. पॉरिकच्या नावात मध्ये एक ‘डी’ आहे, जो कोणी उच्चारत नाही.

"मग ठेवलाय कशाला?" मी विचारलं.

"पाहुण्यांची गंमत बघायला!"

माझं नाव ज्योत्स्ना. सहा वर्षांत या देशात कोणाला ते जमलं नव्हतं, म्हणून मी स्वतःच ‘जो’ करून टाकलेलं. हालिनाने माझा बॅज वाचला. "हे अर्धंच आहे. पूर्ण सांग."

मी सांगितलं.

"ज्योत्स्ना," ती म्हणाली. पहिल्या फटक्यात! "यात अवघड काय? आमच्याकडे असली जोडाक्षरं आम्ही नाश्त्याला खातो."

त्या दिवशी मी माझा बॅज बदलून घेतला. पूर्ण नाव-आडनाव बसवायला ऑफिसला एकाऐवजी दोन ओळी लागल्या.

*

एकदा विषय अक्षरांवर गेला. हालिना सांगत होती, झारच्या काळात तिच्या भाषेत पुस्तकं छापायलाच बंदी होती. का, तर म्हणे अशी वेगळी भाषा नाहीच, हे रशियनच आहे, खेडूतांच्या तोंडी बिघडलेलं! मग सोव्हिएत राजवट आली. आधी जरा मोकळीक दिली, आणि नंतर, तिची आजी लहान असताना, वर्णमालेतलं एक अक्षरच काढून टाकलं. ‘ग’साठी त्यांचं एक वेगळं अक्षर होतं, रशियनमध्ये नसलेलं. ते छापखान्यातून गेलं, शाळेतून गेलं. हालिनाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. देश स्वतंत्र होत होता आणि अक्षर परत येत होतं.

"आजीने शर्टाच्या बटणासाठीचा शब्द मला त्या अक्षराने लिहून दाखवला. म्हणाली, हे बघ, हे अक्षर मी तुझ्यासाठी डोक्यात ठेवलं होतं." मग एकदम हसत म्हणाली, "बघा ना! माझ्या नावात नको होता तिथे ‘ग’ घातला, आणि जिथे हवा होता तिथला काढून घेतला!"

मग पॉरिक म्हणाला, "आमच्या जुन्या लिपीत अक्षरांच्या डोक्यावर टिंबं असायची. सुंदर दिसायची. ती गेली."

"इंग्रजांनी काढली?"

"छे! स्वातंत्र्य मिळाल्यावर आम्हीच काढली. टाइपरायटरवर बसत नव्हती!"

मी मोडीचं सांगितलं. आपली लिपी, शिवाजी महाराजांच्या काळातली पत्रं त्यात, आणि मला एक अक्षर वाचता येत नाही. "कोणी बंदी घातली?" हालिनाने विचारलं. मला धड सांगता येईना. छापायला गैरसोयीची म्हणून मागे पडली, एवढंच माहीत. हालिना म्हणाली, "तुम्ही दोघं फार नशीबवान. तुमची अक्षरं निदान घरच्यांनी हरवली."

*

हालिना घरी रशियन बोलत वाढली. युक्रेनियन फक्त सुट्टीत, आजीकडे. तिशीत तिने ठरवलं, आता मी माझ्या भाषेत बोलणार. बोलायला लागली, वाचायला लागली, भांडायलासुद्धा लागली. एक गोष्ट मात्र हटेना. आकडे! मोजायला बसली की डोक्यात रशियनच.

"पॉरिक, तू कशात मोजतोस?"

"मोजतो इंग्लिशमध्ये. शिव्या देतो आयरिशमध्ये. त्यामुळे कामाच्या दिवसात दोन्ही भाषा सारख्याच वापरल्या जातात."

मला विचारलं तर मी म्हटलं, "सतरा साती एकोणीसासे, म्हणजे एकशे एकोणीस." इतकी वर्षं इंग्लिशमध्ये नोकरी करतेय, पण हिशेब आला की आत कोणीतरी परवचा म्हणायला लागतं.

ते ऐकून हालिनाला काय वाटलं कोण जाणे. सोमवारी तिने निश्चय केला, आजपासून प्रत्येक रीडिंग मनात युक्रेनियनमध्ये. दुपारपर्यंत नव्वद पार्ट तपासणाऱ्या बाईचे चाळीस झाले. मॅनेजर काळजीने आला. "हालिना, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. मी स्वतंत्र होतेय. शुक्रवारपर्यंत थांबाल का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, पार्टच्या ढिगाकडे पाहिलं. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे’. "पण शुक्रवारी नक्की ना?"

"घे गं वेळ," पॉरिक पलीकडून ओरडला. "आम्हाला सात-आठशे वर्षं लागली!"

शुक्रवारी ब्याण्णव झाले.

*

आता माझ्यावरचा किस्सा. हा सांगायला मला आवडत नाही, म्हणूनच सांगते.

माझ्या सासूबाई आर्वीच्या, वर्धा जिल्ह्यातल्या. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष अडकल्या. प्रशांत कोविड वॉर्डात, त्यामुळे पहिले काही आठवडे तो लिमरिकलाच खोली घेऊन राहिला. घरी मी, सासूबाई आणि सात वर्षांची ईरा. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते पक्क्या आयरिश सुरातल्या इंग्लिशमध्ये.

हालिना आमच्याच वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून राहते. घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती, म्हणून ती रोज संध्याकाळी चालत यायची आणि बागेच्या भिंतीपलीकडे उभी राहून आमच्याशी बोलायची.

एका संध्याकाळी सासूबाईंनी ईराला हाक मारली, "काहून वं पोरी, जेवत काहून नाही?"

मी लगेच म्हटलं, "आई, ‘काहून’ नको ना. ‘का’ म्हणा. तिला नीट मराठी शिकू दे."

सासूबाई उठून आत गेल्या. भिंतीपलीकडून हालिना सगळं बघत होती. शब्द कळले नव्हते, पण चेहरे कळले होते. "काय म्हणालीस तिला?"

मी समजावलं. त्या वऱ्हाडी बोलतात, गावाकडचं. मुलीला प्रमाण भाषा यावी म्हणून मी सुधारते.

"प्रमाण कुठलं, हे कोणी ठरवलं?"

"अगं, पुस्तकांत असतं ते."

"पुस्तकं कुठे छापतात?"

"जास्त करून पुण्यात."

"आणि तू कुठली?"

"...पुण्याची."

हालिना भिंतीवर हात आपटून हसायला लागली. "ज्योत्स्ना, तुझ्या घरात मॉस्को सापडलं!"

मीही हसले. पण रात्रभर, नव्हे, पुढचे कितीतरी दिवस ते मनातून जाईना. कारण हिशेब लावला तेव्हा लक्षात आलं, की गेल्या महिन्याभरात सासूबाई ईराशी बोलायच्याच कमी झाल्या होत्या. अडकलेली बाई, मुलगा वॉर्डात, आणि बोलायला तोंड उघडलं की सून चूक काढणार!

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आई, माझं चुकलं. तुम्ही तुमच्याच भाषेत बोला तिच्याशी."

सासूबाई गवार मोडत होत्या. म्हणाल्या, "मी तं बोलूच रायली होती. तूच मंधात मंधात बोलू रायली!"

*

त्यानंतर सासूबाईंनी हालिनालाच शिष्या केलं. भिंतीच्या या बाजूला खुर्ची टाकून त्या, त्या बाजूला हालिना, आणि मध्ये डब्यांची देवाणघेवाण. एकमेकींची भाषा येत नाही, इंग्लिश एकीलाच येतं. पण तासभर गप्पा! हालिना शब्द वहीत लिहून घ्यायची, उच्चार तपासून घ्यायची, सवयीप्रमाणे अगदी मापात.

प्रशांतला घर सोडून पाचवा आठवडा लागला होता. वॉर्डात वाईट दिवस चालू होते. फोनवर तो फक्त "हं" म्हणायचा. मी भिंतीवरून फोन हालिनाच्या हातात दिला.

"काय डाक्टर," हालिना म्हणाली, "जेवले काय? तब्येतपानी बराबर हाय ना?"

मग प्रशांतचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी जिवंत. "कोण बोलतंय? आर्वीहून कोणी आलंय का?"

पुढे दोन हजार एकवीसच्या सप्टेंबरात लिमरिकला आपल्या लोकांनी एका बागेत गणपतीनिमित्त छोटासा कार्यक्रम केला. हालिनालाही नेलं. मुंबईच्या एक बाई तिचं मराठी ऐकून कौतुकाने म्हणाल्या, "छान बोलता हो! फक्त उच्चार जरा गावाकडचे आहेत."

हालिनाने मान ताठ केली. "मी आर्वीची हाय."

*

त्याआधीच्या जानेवारीत हालिनाचे वडील गेले. खार्किवला. जाणं शक्यच नव्हतं. तिने अंत्यसंस्कार फोनच्या स्क्रीनवर पाहिले, भावाच्या हातातला फोन, बर्फ आणि माणसांचे बूट. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली.

इथे माणूस गेलं की अख्खं गाव घरी येतं. लॉकडाऊनमध्ये ते बंद झालं, तेव्हा लोकांनी नवी रीत काढली. अंत्ययात्रा निघाली की रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून नुसतं उभं राहायचं.

त्या दिवशी शिफ्ट संपली. हालिना बाहेर आली तर दारापासून तिच्या गाडीपर्यंत, दोन्ही बाजूंना, दोन-दोन मीटर सोडून, आम्ही चाळीस जण उभे. पाऊस पडत होता. ती थांबली. तिला कळेना. पॉरिकला म्हणाली, "कोण गेलं? कोणी मोठा माणूस?"

"हो," पॉरिक म्हणाला. "तुझे वडील."

ती त्या रांगेतून चालत गेली. प्रत्येकाकडे बघत, अगदी सावकाश.

काही दिवसांनी थडग्यावरच्या दगडाचा प्रश्न आला. युक्रेनियनमध्ये वडिलांचं नाव मिकोला, रशियनमध्ये निकोलाय. भावाला निकोलाय हवं होतं. मला वाटलं, आता हालिना ऐकणार नाही. बॅजवर ‘एच’ चिकटवणारी ती! पण तिने भावाला सांगितलं, निकोलायच कोर.

पॉरिकने विचारलं, "का गं?"

"त्यांनी आयुष्यभर निकोलाय म्हणून सही केली. त्याच नावाने लग्न केलं, त्याच नावाने कोणी हाक मारली की ओ दिली. कोणी का लादलेलं असेना, शेवटी ते त्यांचं झालं होतं. मी त्यांना दुरुस्त कशी करू?"

पॉरिकने चहा ओतला. त्या दिवशी तिसऱ्या टेबलापर्यंत त्यानेच नेऊन ठेवला, नियम मोडून.

*

आणि शेवटी ऑक्टोबर आला, विमानं सुरू झाली, आणि व्हिसा मिळून हालिनाची आई निघाली. नवरा गेल्यावर एकटी राहिलेली बाहत्तर वर्षांची बाई, पहिल्यांदाच देशाबाहेर. पोलंडमार्गे शॅननला. हालिना इतकी घाबरली होती, की तिला गाडी चालवू देणं धोक्याचं होतं. मीच घेऊन गेले.

विमान उतरलं. माणसं बाहेर यायला लागली. पंधरा मिनिटांत सगळे आले. आई नाही.

अर्धा तास झाला. बाहेर आम्ही दोघीच. हालिनाच्या तोंडचं पाणी पळालं. "परत पाठवतील. काहीतरी कागद राहिला असणार. तिला इंग्लिशचा एक शब्द येत नाही."

"पण रशियन तर कोणालातरी येत असेल," मी म्हटलं. "त्यांच्याकडे दुभाषे असतात."

"रशियन ती उत्तम बोलते," हालिना म्हणाली, आणि वेळ काढायला तिने सांगितलं ते असं. आई पोल्तावाजवळच्या खेड्यातली. अठराव्या वर्षी खार्किवच्या कारखान्यात कामाला आली. पहिल्याच आठवड्यात ट्राममध्ये तिने आपल्या भाषेत तिकीट मागितलं. कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाली, "नीट माणसांच्या भाषेत बोल!" ट्राम हसली. आई पुढच्या थांब्यावर उतरली आणि पायी गेली. तेव्हापासून पन्नासपेक्षा जास्त वर्षं बाहेर फक्त रशियन. मुलांशीही रशियनच, म्हणजे त्यांना कोणी हसू नये.

एक तास झाला. मी चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन आले. "आत आहेत, ठीक आहेत, थोडा वेळ लागेल," एवढंच कळलं. हालिना उभी राहते, बसते, पुन्हा उभी राहते.

एक तास दहा मिनिटांनी दार उघडलं. तपकिरी कोटातली एक ठेंगणी बाई, एका हातात पिशवी, आणि तिची बॅग ओढत सोबत एक तरुण अधिकारी. तो आमच्याकडे बघून म्हणाला, "सॉरी हं, फार थांबावं लागलं. प्रश्न तीनच होते. कुठे राहणार, कोणाकडे, किती दिवस. पण दुभाषा फोनवर मिळेपर्यंत वेळ गेला. रशियनचा लगेच मिळत होता. ‘तुमची भाषा कुठली?’ असं प्रत्येक भाषेत विचारलेला यादीचा कागद मी त्यांच्यापुढे धरला, तर यांनी युक्रेनियनवर बोट ठेवलं. मी म्हटलं, रशियन चालेल का, पाच मिनिटांत होईल. तर बोट काढेचनात!"

हालिनाने आईला मिठी मारली, रडली, आणि मग, आपल्या कोणाचीही मुलगी करेल तेच केलं. रागावली! ती काय बोलली ते तिने मला नंतर सांगितलं.

"आई, मी इथे मरायची वेळ आली होती! तुला रशियन येतं. तू आयुष्यभर बोललीस. पाच मिनिटांत सुटली असतीस. मग का नाही बोललीस?"

आईने कोटाचं वरचं बटण लावलं, आणि जरा नवलानेच लेकीकडे पाहिलं.

"अगं, पण त्यांनी विचारलं ना!"